परभणीची 'माय' आणि ऑफिसातला 'म्हाद्या'

विचारणा थोडक्यात अशी. प्रश्नकर्ती नाशिककडची, वय २६, वर्षभरापासून परभणीत एका बँकेत नोकरीला. पेन्शनचे पैसे काढायला येणाऱ्या म्हाताऱ्या बायका तिला 'माय' म्हणतात. "किती पैसं हायत बघ माय", "आंगठा कुटं लावू माय". ती विचारते, आईसाठीचा शब्द नातीच्या वयाच्या पोरीला कसा काय लावतात? सुरुवातीला तिला वाटलं, आपण थोराड दिसतो म्हणून. आणि त्यांना उलट काय म्हणायचं?

दुसरा प्रश्न ऑफिसातल्या शिपायांबद्दल. माणूस पन्नाशी ओलांडलेला, नाव महादेव धरू. सगळे, अगदी तिशीतले साहेबसुद्धा, त्यांना 'म्हाद्या' म्हणतात. हिनं 'महादेवजी' म्हटलं तर सगळे हसले आणि ते स्वतःही हसले. मग काय म्हणावं?

आधी 'माय'. थोराडपणाचा काही संबंध नाही, ती काळजी सोडून द्या. आमच्याकडे तीन वर्षांच्या पोरीलाही 'माय'च म्हणतात. "जेव माय", "रडू नको माय", "इकडं ये गं माझी माय". पोरगा असेल तर 'बाबा', नाहीतर 'बापा'. लेकरानं आईला ज्या शब्दानं हाक मारायची तोच शब्द आई लेकराला परत देते. ही रीत फक्त आपली नाही. बंगालीत आया आपल्या लेकींना 'मा' म्हणतात, बाप लेकाला 'बाबा' म्हणतो. पण मराठी मुलखात ती मराठवाड्याइतकी मोकळेपणानं, परक्या माणसालाही लावली जाताना मी दुसरीकडे फारशी ऐकली नाही. म्हणून नाशिककरणीला ती खटकली, हे अगदी साहजिक आहे.

यामागं आणखी एक गोष्ट असावी असं मला वाटतं. आजी गेल्यावर घरात मुलगी जन्मली की "माझी मायच पोटाला आली" म्हणायची पद्धत आहे, आणि पुष्कळदा आजीचंच नाव नातीला ठेवतात. मग आपल्याच मेलेल्या आईचं नाव घेऊन लेकीवर खेकसणार कसं? तिला 'माय' म्हणणं ओघानंच येतं. म्हातारी बाई तुम्हाला 'माय' म्हणते तेव्हा ती तुम्हाला मोठं करत नसते, ती स्वतः घटकाभर लेकरू होते. अंगठा कुठं लावायचा हे तिला कळत नाही, तुम्हाला कळतं, आणि तुम्ही तिच्यावर खेकसू नये अशी तिची इच्छा असते. एवढं सगळं त्या दोन अक्षरांत येतं.

शब्द जुना आहे. संस्कृत मातृ, प्राकृतात 'माआ' आणि 'माउ' अशी रूपं, त्यातून आपली 'माय' आणि 'माउली'. 'मावशी' या शब्दातला 'माव' तोच आणि 'माहेर' म्हणजे मातृगृह, मायचं घर. लिहिण्या-वाचण्याच्या मराठीत 'आई' पुढं गेली आणि 'माय' मागं राहिली, ती 'मायबाप', 'मायलेकी', 'मायबोली' अशा जोडशब्दांत उरली. मराठवाड्याच्या खेड्यांत मात्र ती अजून एकटी, स्वतःच्या पायावर उभी आहे. दुखलं तर "माय वं!", आनंद झाला तरी "माय वं!".

वारीत गेला असाल तर 'माउली' तुमच्या कानावर आलीच असेल. तिथं पुरुष पुरुषाला, तरणा म्हाताऱ्याला, अनोळखी अनोळख्याला 'माउली' म्हणतो. ज्ञानेश्वरांना माउली म्हणतात, आणि त्यांच्या घराण्याचं आपेगाव पैठणच्या बाजूला, म्हणजे मराठवाड्यातच. आमच्याकडे ज्ञानेश्वर नावाच्या पोरांना घरी सर्रास 'माउली' म्हणतात. दाढीमिशा आलेला, नांगर धरलेला गडी, आणि बांधावरून बाप ओरडतोय, "ए माउली, बैलं सोड!" कुणाला त्यात विचित्र वाटत नाही. तुळजापूरला भवानीपुढं गजर होतो तो "आई राजा उदो उदो". एकाच दमात आई आणि राजा. लेकीला "माझ्या राजा" म्हणून कुरवाळणाऱ्या बाया मी लहानपणापासून पाहतो आहे. मायेची हाक लिंग पाहत नाही आणि वयही पाहत नाही, असं माझं निरीक्षण आहे.

पण हीच 'माय' एका जागी फार वेगळी वाजते. गावगाड्यात महारांनी वरच्या जातींपुढं वाकून "जोहार, मायबाप" म्हणायचं, असा दंडक होता. शब्द तोच, पण खालून वर फेकलेला, आणि न म्हणण्याची सोय नसलेला. त्यात माया कुठली? 'जोहार' टाकून 'जय भीम' आला तेव्हा नुसता नमस्काराचा शब्द बदलला नाही, कुणी कुणाला मायबाप म्हणायचं याचा निकाल लागला. ज्या मराठवाड्यात विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव लागावं म्हणून सोळा वर्षं लढावं लागलं, १९७८ साली दलित वस्त्या जळाल्या आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तिथं तरी 'नावात काय आहे' असं कुणी म्हणू नये.

हे मुद्दाम सांगितलं, कारण तुमचा दुसरा प्रश्न इथंच येऊन टेकतो.

'म्हाद्या' हे रूप मुळात वाईट नाही. नावाचा पुढचा तुकडा घ्यायचा आणि 'या' जोडायचा: गणेशचा गण्या, संतोषचा संत्या, पांडुरंगाचा पांड्या. बायकांच्या नावाला 'ई': गंगी, सखी, कमळी. ही जवळिकीची रूपं आहेत, आणि जवळीक देवापर्यंत जाते. तुमच्या परभणी जिल्ह्यातल्याच गंगाखेडची जनाबाई. तिच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठल कधी 'विठाबाई' असतो, कधी सरळ 'अरे विठ्या'. रागावली की ती त्याला 'मूळ मायेच्या कारट्या' असंही म्हणते. आणि स्वतःला काय म्हणते? 'जनी'. दोघंही एकमेकांच्या पातळीवर उतरलेली. जिथं 'विठ्या'ला 'जनी' असं उत्तर आहे, तिथं 'या' प्रेमाचा.

आता माणसाच्या आयुष्यात ही रूपं कशी चढत जातात ते पाहा. पाळण्यात महादेव, खेळताना म्हाद्या, कामाला लागला की म्हादू, नातवंडं झाली की म्हादबा, आणि चार एकर बागायत नाहीतर सरपंचपद असेल तर महादेवराव. विठोबा, ज्ञानोबा, तुकोबा यांतला 'बा' तोच. गंगी, गंगू, गंगाबाई, गंगाआक्का ही बायकांची वाट. यातल्या आक्का, आण्णा, आप्पा या हाका कानडी-तेलुगूतही आहेत, आणि लातूर, नांदेड, धाराशिवच्या सीमा तिकडेच भिडतात. शहरातल्या शेजारात खाला, मामू, चाचाही सहज मिसळलेत.

गावात मात्र ही चढण सगळ्यांना मोकळी नव्हती. पाटलाचा पोरगा पंचविशीतच 'राव' व्हायचा आणि त्याच्या शेतात राबणारा सालगडी साठीतही 'म्हाद्या'च राहायचा. पाटलाचं दहा वर्षांचं पोर त्याला "ए म्हाद्या" म्हणायचं, तो त्या पोराला "मालक" म्हणायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि आज आठवलं तरी मान खाली जाते. गोड हाक कुठली आणि अपमान कुठला, हे ठरवायला मी एकच गोष्ट पाहतो: समोरच्याला तशीच हाक परत मारायची मुभा आहे का? तुमच्या ऑफिसात महादेव त्या तिशीतल्या साहेबांना 'सुऱ्या' म्हणू शकतात का? नसतील, तर 'म्हाद्या' थांबायला हवा. ते स्वतः हसतात म्हणून त्यांना चालतं असं समजू नका. पन्नास वर्षं जो शब्द ऐकला त्यावर हसायला माणूस शिकतो.

गोड हाक हक्काची असते म्हणजे काय, ते मला आजीमुळं कळलं. सासरी तिला कुणी नावानं हाक मारत नसे. तिचं माहेर जिंतूरचं, म्हणून सगळी भावकी तिला 'जिंतूरवाली' म्हणायची. पुढं मुलाच्या नावानं 'अमक्याची माय' झाली. आजोबा तर नावच घेत नसत, नुसतं "ऐकलं का". ती आजोबांना 'मालक' म्हणायची. नागपंचमीला तिचा भाऊ न्यायला यायचा. ओसरीवर धोतराचा सोगा धरून उभा राहिला की तो तिच्या नावाची पहिली दोन अक्षरं घेऊन त्यांना एकार लावायचा, सखीचं 'सखे' व्हावं तसं, आणि जोरात हाक द्यायचा. सत्तरीची बाई हातातलं पीठ न धुता धावत बाहेर यायची. आम्ही नातवंडांनी एकदा गमतीनं तीच हाक मारली तर तिनं फटका दिला. "तेवढं नाव त्याचं हाय," म्हणाली. भाऊ गेल्यावर ते रूप पुन्हा कुणाच्या तोंडून निघालं नाही. मीही ते इथं लिहीत नाही.

तेव्हा तुम्हाला 'म्हाद्या' म्हणायचा हक्क नाही, तो त्यांच्या थोरल्या भावाला, वर्गमित्राला, आईला आहे. पण 'महादेवजी'वर लोक हसले तेही उगाच नाही. 'शिवाजी', 'संताजी' यांत 'जी' नावात मुरलेला आहे. सुटा 'जी' मागून लावला की मराठवाड्यात सभेतल्या सूत्रसंचालनासारखा वाटतो, हिंदीच्या वाटेनं आलेला. त्यात मान आहे, पण नातं नाही.

नातं हवं असेल तर 'मामा' म्हणा. एसटीत कंडक्टर मामा, बाजारात भाजीवाला मामा, शाळेत घंटा देणारा मामा. बाईमाणूस असेल तर मावशी. काकाही म्हणतात, पण परक्या माणसाला जवळ करायचं तर आमची जीभ आधी आईच्या बाजूला वळते. चुलत्याशी बांधावरून भांडण असू शकतं, सातबाऱ्यावर त्याचं नाव शेजारी असतं. मामाकडून फक्त घ्यायचं असतं: पंचमीचे झोके, सुट्टीतले आंबे, लग्नातला आहेर. इथंही पुन्हा मायचंच घर, म्हणजे माहेर. 'महादेवमामा' म्हणून पाहा. पहिल्या दिवशी थोडं अवघडतील, चौथ्या दिवशी चहा आधी तुमच्या टेबलावर येईल. आणि साहेबांसमोरही तसंच म्हणत राहा, एकट्यात 'मामा' आणि सगळ्यांत नुसतं 'महादेव' असं करू नका.

आणि त्या आज्यांना? 'आजी' चालेल, 'मावशी' चालेल. पण त्यांनी 'माय' म्हटल्यावर तुम्हीही 'माय' म्हणालात तर त्यांना नवल वाटणार नाही, हा शब्द दोन्हीकडून चालतो. खेड्यात सख्ख्या मायला 'तू' म्हणतात. तुम्ही नव्या आहात, तेव्हा 'तुम्ही' राहू द्या. अंगठा नीट उमटला नाही तर "परत लावा माय, जरा दाबून" एवढंच म्हणा. घासलेल्या बोटांचे ठसे मशिनवर पहिल्या खेपेला बहुधा येत नाहीत, दोन-तीनदा लावावे लागतील.