सर्व्हरवर फाईलच्या नावामागे 'डॉट फाईलपार्ट' का दिसतं? ती डिलीट करू का, की नाव बदलून टाकू?

तुम्ही लिहिलंय की वागळे इस्टेटमधल्या ऑफिसातून दर महिन्याला पगाराची सीएसव्ही (ओळीओळीने माहिती लिहिलेली साधी मजकूर-फाईल) विनएससीपी या फाईल पाठवायच्या प्रोग्रामने एसएफटीपी सर्व्हरवर (सुरक्षितपणे फाईली घेणाऱ्या दूरच्या संगणकावर) टाकता, आणि कधी कधी तिकडे नावाला 'डॉट फाईलपार्ट' हे शेपूट लागलेलं दिसतं. मी महापेला फाईल ट्रान्सफरच्या सपोर्टचंच काम करतो. आधी थेट उत्तर: हाताने नाव बदलू नका, आणि लगेच डिलीटही करू नका.

ते शेपूट म्हणजे पाठवणाऱ्या प्रोग्रामने लावलेली खूण आहे, 'अजून पूर्ण झालेली नाही, हात लावू नका' अशी. क्रोममध्ये डाउनलोड चालू असताना 'सीआरडाउनलोड' दिसतं, फायरफॉक्समध्ये 'पार्ट', तोच हा प्रकार. विनएससीपी मूळ सेटिंगमध्ये १०० केबीच्या वरच्या फाईललाच हे लावतं. म्हणून लहान फाईल गेली की तुम्हाला काही दिसत नाही, मोठी गेली की दिसतं.

ही खूण लागते कशाला? फाईल अखंड जात नाही. नेटवर्कवर तिचे साधारण १,४६० बाइटचे तुकडे होतात, म्हणजे १५ एमबीच्या फाईलचे दहा हजारांवर. एखादा तुकडा हरवला तर टीसीपी (नेटवर्कवर डेटा नीट पोचवणारा प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेली पद्धत) तो पुन्हा पाठवतो, तुकडे क्रमाने लावतो. पण टीसीपीला फाईल ही गोष्टच कळत नाही, त्याच्यासाठी नुसते बाइट. मध्येच वायफाय गेलं, तर तोवर आलेले बाइट सर्व्हरच्या डिस्कवर तसेच राहतात.

आता पलीकडे दर मिनिटाला फोल्डर बघून फाईल उचलणारा प्रोग्राम असतो, हे लक्षात घ्या. अर्धवट झिप त्याने उचलली तर ती उघडणारच नाही, कारण झिपमधली फाईलींची यादी अगदी शेवटी असते. एरर येईल, सगळ्यांना कळेल. अर्धवट सीएसव्ही मात्र मुकाट उघडते! ८०० ओळींपैकी ५०० आल्या, तरी त्या ५०० ओळी चोख दिसतात. एका ठिकाणी मी हे पाहिलंय: यादीतल्या खालच्या लोकांचे पगार जमा झाले नाहीत, आणि सिस्टिममध्ये सगळं हिरवं. शेवटची ओळ उघडून पाहिली, तर खाते क्रमांक निम्म्यातच तुटलेला. म्हणून नाव हाताने बदलू नका म्हणतो. तुम्ही शेपूट काढलंत की पलीकडचा प्रोग्राम ती फाईल पूर्ण आहे असंच धरून चालतो.

नीट चाललेलं ट्रान्सफर बघायचं असेल तर फोल्डर रिफ्रेश करत राहा. आकार वाढत जातो, शेवटचा बाइट पोचला की शेपूट जातं. त्या क्षणी डेटा कुठेच हलत नाही, फक्त नाव बदलतं. त्यामुळे पलीकडच्याला खऱ्या नावाची फाईल दिसते ती पूर्णच दिसते. मात्र हे एकाच डिस्कवर असताना. दुसऱ्या डिस्कवर हलवलं तर पुन्हा कॉपीच होते, आणि अर्धवट फाईल दिसण्याचा धोका परत येतो.

तुमच्या बाबतीत आधी आकार तपासा. मूळ फाईलपेक्षा कमी असेल आणि वाढत नसेल, तर तीच फाईल पुन्हा पाठवा. विनएससीपी जिथे थांबलं होतं तिथून पुढे जोडायचं का ते विचारेल. दरम्यान सीएसव्हीत काही बदल केला असेल तर मात्र जोडू नका, नाहीतर अर्धी जुनी, अर्धी नवी अशी फाईल तयार होईल. अशा वेळी जुनी फाईलपार्ट खुशाल डिलीट करा आणि पहिल्यापासून पाठवा.

आकार अगदी बरोबर असूनही शेपूट राहत असेल, तर बहुधा तुमच्या लॉगिनला त्या फोल्डरमध्ये नाव बदलायची परवानगी नाही. ती मागून घ्या. देत नसतील तर विनएससीपीच्या प्रेफरन्सेसमध्ये ट्रान्सफरखाली एन्ड्युरन्समध्ये तात्पुरत्या नावाची सोय बंद करता येते, पण मग फाईल पहिल्या बाइटपासून खऱ्या नावानेच दिसेल. ते करण्याआधी समोरच्यांशी ठरवून घ्या: सीएसव्ही पूर्ण गेल्यावर तुम्ही त्याच नावाची 'डॉट ओके' अशी रिकामी फाईल टाकायची, आणि ती दिसेपर्यंत त्यांच्या प्रोग्रामने सीएसव्ही उचलायची नाही.