पिंपल्सची गोळी, बेडकाची शेपटी आणि ए व्हिटॅमिन

प्रश्न : नमस्कार ताई, मी पुण्यात असते, वय २६. पिंपल्ससाठी स्किनच्या डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइनची गोळी दिलीय, पण त्याआधी प्रेग्नन्सी टेस्ट करायला लावली, फॉर्मवर सही घेतली आणि गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावरही महिनाभर दिवस राहता कामा नयेत असं परत परत बजावलं. मेडिकलवाला म्हणाला, काही नाही हो, ए व्हिटॅमिनचाच प्रकार आहे तो. मग एवढी भीती कशाला? पुढच्या वर्षी आम्हाला चान्स घ्यायचाय.

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी अगदी बरोबर केलंय. मेडिकलवाला म्हणतो ते खोटं नाही, पण भीतीचं कारण तेच आहे. आयसोट्रेटिनॉइन हे रेटिनॉइक ॲसिडचं एक रूप, आणि रेटिनॉइक ॲसिड आपलं शरीर ए व्हिटॅमिनपासून स्वतःच बनवतं, अगदी थोडं, लागेल तिथेच आणि लागेल तेव्हाच. गर्भात तर कुठल्या पेशीने कुठली जीन चालू करायची हे ठरवण्यात या रेणूचा मोठा हात असतो. आता तोच रेणू गोळीतून आईच्या रक्तात आणि तिथून गर्भात सगळीकडे एकदम पसरला तर जिथे तो असायलाच नको तिथल्या पेशीही त्याचं ऐकायला लागतात.

अमेरिकेत ही गोळी १९८२ मध्ये आली. गरोदर बाईने घेऊ नये असं तेव्हाही स्पष्ट लिहिलेलं होतं, तरी काहीजणींच्या पोटात गेलीच, आणि १९८५ मध्ये एडवर्ड लॅमर आणि सहकाऱ्यांनी त्या बाळांची माहिती एकत्र छापली. बाहेरचा कान अगदी बारका किंवा नाहीच, जबडा लहान, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांची रचना चुकलेली, थायमस ही छातीतली प्रतिकारशक्तीची ग्रंथी नीट नाही, मेंदूत पाणी. पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घेतली गेली तर साधारण २० ते ३५ टक्के बाळांमध्ये असे दोष दिसतात, म्हणजे हा धोका लहान अजिबात नाही. आणि वेळेचा हिशोब बघा, गर्भधारणेनंतर साधारण २२व्या दिवशी हृदय धडधडायला लागतं, २८व्या दिवसापर्यंत मेंदू आणि मज्जारज्जूची नळी मिटते, म्हणजे पाळी चुकली, दोन-चार दिवस वाट बघितली, मग टेस्ट केली, एवढ्यात यातलं बरंचसं काम सुरूही झालेलं असतं. म्हणून टेस्ट आधी.

पुढच्या वर्षीच्या चान्सची काळजी नको, ही गोळी बंद केल्यावर महिन्याभरात शरीरातून निघून जाते. पण सोरायसिससाठी ॲसिट्रेटिन नावाची गोळी देतात ती वेगळी, तिच्यानंतर ३ वर्षं थांबायला सांगतात, कारण दारूबरोबर तिचं जे रूप तयार होतं ते चरबीत वर्षानुवर्षं राहतं. या दोन गोळ्यांची गल्लत करू नका.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे, नांदेड. सगळ्या पेशींत डीएनए सेमच असतो, मग डोकं कुठे आणि पाठ कुठे हे पेशीला कळतं कसं? रेटिनॉइक ॲसिडने जीन एक्सप्रेशन बदलतं एवढं सर एका ओळीत सांगून पुढे गेले. नक्की होतं काय?

उत्तर : फार छान प्रश्न विचारलास रे, एका ओळीत मावणारा नाहीच तो.

आधी हे ॲसिड येतं कुठून ते बघू. आईच्या रक्तातून गर्भाला रेटिनॉल मिळतं, म्हणजे ए व्हिटॅमिन. आरडीएच१० नावाचं एन्झाइम त्याचं रेटिनाल्डिहाइड करतं आणि एएलडीएच१ए२ नावाचं दुसरं एन्झाइम त्याचं रेटिनॉइक ॲसिड. पण हे दुसरं एन्झाइम सगळ्या पेशींत नसतं, सुरुवातीच्या गर्भात ते मुख्यतः धडाच्या भागात, मज्जारज्जूच्या दोन्ही बाजूंच्या पेशींत असतं. आणि डोक्याच्या बाजूला आणि शेपटीच्या टोकाला सीवायपी२६ गटाची एन्झाइम्स हेच ॲसिड तोडून टाकत बसलेली असतात. कालव्याचं पाणी जसं हेडला भरपूर आणि टेलच्या शेतकऱ्याला उरलंसुरलं, तसं धडाजवळ ॲसिड जास्त आणि मेंदूच्या दिशेने जावं तसं कमी कमी. बरीच वर्षं हा उतार आहे असं पुराव्यांवरून मानत होते, २०१३ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतल्या लोकांनी झेब्राफिशच्या जिवंत गर्भात चमकणारे प्रोब घालून तो प्रत्यक्ष मोजून दाखवला.

आता पेशीच्या आत. हा रेणू बारका आणि चरबीत विरघळणारा, त्यामुळे तो सरळ केंद्रकापर्यंत पोचतो. तिथे आरएआर आणि आरएक्सआर ही दोन प्रोटीन्स जोडीने डीएनएवर आधीच बसलेली असतात, कुठेही नाही हं, ठरावीक सहा अक्षरांचा क्रम दोनदा येतो आणि मध्ये बहुतेक वेळा २ किंवा ५ अक्षरांची जागा असते अशाच ठिकाणी. ॲसिड नसतं तेव्हा ही जोडी गप्प नसते, ती जीन दाबून ठेवणाऱ्या प्रोटीन्सना धरून ठेवते, त्यामुळे तिथला डीएनए घट्ट गुंडाळलेला राहतो. ॲसिड येऊन आरएआरला चिकटलं की त्याचा आकार बदलतो, दाबणारी प्रोटीन्स सुटतात, त्यांच्या जागी हिस्टोनवर (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रोटीन्स) ॲसिटिल गट लावणारी येतात, गुंडाळी सैल पडते आणि जीनची आरएनए कॉपी निघायला लागते. म्हणजे काही हॉर्मोन्ससारखं पेशीच्या बाहेर रिसेप्टर (निरोप झेलणारं प्रोटीन), मग आत निरोप, मग तिथून पुढे कोणीतरी, अशी साखळीच नाही, हा रेणू थेट जीनपाशी जाऊन बोलतो (स्टेरॉइड हॉर्मोनही असंच करतात). हा रिसेप्टर, म्हणजे आरएआर, १९८७ मध्ये एकाच वेळी दोन ठिकाणी सापडला, फ्रान्समधे स्ट्रासबुर्गला पियेर शांबाँ यांच्या लॅबमध्ये आणि अमेरिकेत सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये रॉनल्ड इव्हान्स यांच्याकडे.

मग यातून कुठल्या जीन चालू होतात? सगळ्यात नावाजलेल्या म्हणजे हॉक्स जीन्स, शरीराचा कुठला भाग कुठे हे ठरवणाऱ्या. माणसात त्या ३९ आहेत, चार गटांत, आणि क्रोमोझोमवर त्यांची जी ओळ असते त्याच क्रमाने त्या डोक्याकडून शेपटीकडे कामाला लागतात, मला तर हे शिकवताना दर वेळी तेवढाच आनंद व्हायचा. त्यातली हॉक्सबी१ बघ. मेंदूचा मागचा भाग गर्भात तुकड्या-तुकड्यांचा असतो, आणि शेवटी ही जीन त्यातल्या फक्त चौथ्या तुकड्यात चालू राहते. तिच्या एका बाजूला असलेली रेटिनॉइक ॲसिडची जागा (आरएआरची जोडी बसते ती) तिला सुरुवातीला मोठ्या पट्ट्यात चालू करते आणि दुसऱ्या बाजूची तशीच जागा नंतर तिसऱ्या आणि पाचव्या तुकड्यात तिला बंद करते. एकच ॲसिड, एकच जीन, आणि तरी एकीकडे चालू, दुसरीकडे बंद. एफजीएफ८ जीनला तर ते धडाच्या भागात सरळ दाबूनच टाकतं, नाहीतर शेपटीकडचा वाढीचा सिग्नल पुढे घुसतो आणि मणक्यांचे तुकडे बारके पडतात. त्यामुळे परीक्षेत ‘रेटिनॉइक ॲसिड जीन चालू करतं’ एवढंच लिहू नकोस, ते ठिकाण आणि वेळ बघून दोन्ही करतं.

हे ॲसिड नसेल तर? १९९९ मध्ये स्ट्रासबुर्गलाच कारेन नीडरराइथर आणि सहकाऱ्यांनी एएलडीएच१ए२ नसलेले उंदीर तयार केले. गर्भ मध्यावरच मेले, पायांचे कोंब फुटलेच नाहीत, हृदय वळण न घेता नुसतं फुगून राहिलं. आणि आईला बाहेरून रेटिनॉइक ॲसिड दिलं तर त्यातलं बरंच काही सुधारलं, म्हणजे दोष नक्की याच रेणूच्या कमतरतेचा होता.

प्रश्न : बेडकाच्या पिल्लाची शेपटी कापून ए व्हिटॅमिनमध्ये ठेवलं तर शेपटीच्या जागी पाय येतात असं व्हॉट्सॲपवर वाचलं. थाप आहे ना?

उत्तर : नाही, हे खरं आहे, आणि हा शोध भारतातला आहे. भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठात प्रियंबदा मोहंती हेजमाडी आणि सहकाऱ्यांनी एका भारतीय बेडकाच्या टॅडपोलवर हे काम केलं आणि १९९२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने ते छापलं. कापलेल्या जागी शेपटी परत यायची तर चक्क मागचे पाय आले! (या बाई ओडिसी नृत्यातलंही मोठं नाव.) त्याच्याही आधी, १९७८ मध्ये, नियाझी आणि सक्सेना यांनी टोडच्या टॅडपोलमध्ये जास्त ए व्हिटॅमिन दिल्यावर कापलेला पाय परत येताना भलताच येतो हे दाखवलं होतं. आपल्या लोकांची ही नावं आपल्याच मुलांना माहीत नसतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. अर्थ असा लावतात की ॲसिडच्या जास्त डोसमुळे तुटल्या जागच्या पेशींचा ‘आपण शरीरात कुठे आहोत’ हा हिशोबच बदलतो, आणि हा हिशोब हॉक्ससारख्या जीन्सच्या भाषेत असतो. पण घाईने सगळं श्रेय या एका रेणूला देऊ नका. १९८२ मध्ये कोंबडीच्या गर्भात पंखाच्या कोंबावर एका जागी रेटिनॉइक ॲसिड दिल्यावर बोटांचा आरशातल्यासारखा दुसरा सेट आला आणि बोटं ठरवणारा सिग्नल सापडलाच असं खूप जणांना वाटलं, १९९३ मध्ये कळलं की तो सिग्नल सॉनिक हेजहॉग नावाचं प्रोटीन आहे, बाहेरून दिलेल्या ॲसिडने फक्त त्याची जीन भलत्या बाजूला चालू केली होती.

प्रश्न : सुनेला पाचवा महिना आहे. गाजर, शेवग्याची पानं, कलेजी, काय द्यायचं आणि काय बंद करायचं? (कोल्हापूर)

उत्तर : गाजर, शेवगा, पालक, आंबा बिनधास्त द्या हो काकू. त्यात तयार ए व्हिटॅमिन नसतं, बीटा कॅरोटीन असतं, आणि शरीर गरजेपुरतंच त्याचं रूपांतर करतं. कमतरताही वाईटच असते, १९३३ मध्ये टेक्सासच्या फ्रेड हेल यांनी ए व्हिटॅमिन न मिळालेल्या डुकरिणीला ११ पिल्लं झाली आणि एकालाही डोळ्यांचे गोळे नव्हते असं छापलं होतं, त्यामुळे घाबरून भाज्या बंद करू नका. कलेजीत मात्र तयार रेटिनॉल खूप असतं, म्हणून ब्रिटनमध्ये गरोदर बायकांना ती टाळायलाच सांगतात, मीही तेच सांगेन. कॉड लिव्हर ऑइलच्या किंवा ए व्हिटॅमिनच्या वेगळ्या कॅप्सूल स्वतःच्या मनाने नकोत, डब्ल्यूएचओने गरोदरपणात दिवसाला १०,००० युनिटची मर्यादा सांगितलीय आणि तीही जिथे कमतरता फार आहे तिथल्यासाठी. घरात आधीच्या कुठल्या मल्टिव्हिटॅमिनच्या स्ट्रिप असतील तर पुढच्या तपासणीला बरोबर घेऊन जा आणि त्यातलं रेटिनॉल किती ते डॉक्टरांना वाचायला सांगा.