आवडला नाही? नेमकं कुठे ते लिही

चित्रपटाच्या परीक्षणात ‘भंगार’ नाहीतर ‘कडक’ एवढंच लिहिलंस तर वाचणाऱ्याच्या हाती काय लागणार? गाडी कुठे घसरली ते सांग: पटकथेत, संवादांत की संकलनात, मध्यंतराआधी की नंतर. ‘संथ आहे’ हा तर सगळ्यात आळशी शेरा. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (२०१४) संथच आहे. कॅमेरा लांब, स्थिर. महत्त्वाचं बोलून झालं तरी दृश्य तुटत नाही. पण मुंबईतल्या कोर्टातलं तारखांमागून तारखांचं ताटकळणं त्या संथपणाशिवाय अंगावर आलंच नसतं. याउलट, प्रसंगात दम नाही म्हणून स्लो मोशन आणि ढणढण पार्श्वसंगीत लावलेलं असेल, तर खुशाल झोड.

मात्र थिएटरचे दोष दिग्दर्शकाच्या माथी मारू नकोस. थ्रीडीसाठी लावलेली लेन्स प्रोजेक्टरवर तशीच राहिली तर टूडी चित्रपटही काळवंडतो. पुढे किंवा भिंतीलगत बसलास तर जवळचा स्पीकर कानावर आदळतो, संवाद बुडतात. पडद्यापासून थिएटरच्या लांबीच्या दोन तृतीयांश अंतरावर, मधोमध बस. आणि शेवटच्या लोकलसाठी अखेरची दहा मिनिटं सोडलीस, तर त्या चित्रपटावर लिहूच नकोस.