वाईट बातमी तुझ्यापर्यंत कधी पोचते?

सप्रेम आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेसेज वाचला आणि मनापासून आनंद झाला. सोमवारपासून सात जणांची टीम तुझ्याकडे येतेय. कुठलं टूल घेऊ, स्टँड-अप (रोजची छोटी मीटिंग) किती वाजता ठेवू, स्प्रिंट (कामाचा ठरलेला टप्पा) एका आठवड्याचा की दोन, असं तू विचारलंयस. ही उत्तरं तुझी टीमच तुला महिन्याभरात देईल. मला वेगळ्याच गोष्टीबद्दल लिहायचंय, आणि जरा सविस्तर लिहिते, कारण ती मला कोणी वेळेवर सांगितली नव्हती.

कालपर्यंत ज्यांच्या डब्यातली भाजी तू हक्काने उचलत होतास, तीच माणसं सोमवारी तुझ्याशी शब्द तोलून बोलायला लागतील. यात त्यांचं काही चुकत नाही. त्यांची रजा, रिव्ह्यू, पगारवाढ यात आता तुझा शब्द असणार. मोठ्या कंपनीत एखादी अडचण तुझ्या कानावर आली नाही, तरी ती टेस्टिंगवाल्यांकडून नाहीतर शेजारच्या टीमकडून कुठूनतरी वर जाते. आठ-दहा जणांच्या कंपनीत वाट एकच, आणि ती तुझ्यावरून जाते. ती बुजली की मग बातमी थेट क्लायंटच्या फोनवरूनच कळते.

मला तशीच कळली. २००९ सालची गोष्ट. बारा जणांच्या एका कंपनीत मी टीम सांभाळत होते आणि आम्ही एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर करत होतो. पिग्मी एजंट दिवसभर गावात फिरून पैसे गोळा करायचे, संध्याकाळी शाखेत येऊन हातातल्या मशीनमधला डेटा कॉम्प्युटरवर उतरवायचे. मध्येच वीज गेली आणि एजंटने डेटा पुन्हा उतरवला, की त्या दिवसाच्या पावत्या दोनदा जमा होत होत्या. आमच्या एका मुलाच्या हे गुरुवारीच लक्षात आलं होतं. स्टँड-अपमध्ये मी विचारलं, तर म्हणाला, "थोडंसं राहिलंय मॅडम, होऊन जाईल." शुक्रवारी तेच, शनिवारी तेच. सोमवारी सकाळी पतसंस्थेच्या मॅनेजरचा फोन आला. रोज पन्नास रुपये भरणाऱ्या भाजीवाल्या बाईंच्या पासबुकात शंभर छापून आले होते, आणि मार्चअखेर तोंडावर होती.

संध्याकाळी त्या मुलाला खाली चहाला घेऊन गेले. बराच वेळ तो ग्लासाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मागच्या महिन्यात तिने बग सांगितला तेव्हा तुम्ही तिला सगळ्यांसमोर बोललात ना..." मला आठवेचना. आठवलं तेव्हा पोटात खड्डा पडला. आमच्या टेस्टरने रिलीजच्या आदल्या दिवशी बग आणला होता आणि मी तिला म्हणाले होते, "हे आत्ता सांगतेस?" तीनच शब्द. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी ते विसरलेही होते. बाकीचे अकरा जण विसरले नव्हते.

म्हणून सांगते, कंपनीचं कल्चर म्हणजे भिंतीवरची पोस्टर नाहीत, आणि शुक्रवारचा पिझ्झाही नाही. वाईट बातमी घेऊन आलेल्या पहिल्या माणसाचं तुझ्यासमोर काय होतं, ते बाकीचे बघतात आणि त्यावरून आपापलं ठरवतात. तुझ्याकडेही असा कुणीतरी पहिल्या पंधरा दिवसांत येईलच. त्याला आधी "बरं झालं सांगितलंस" म्हण, मग "आत्ता काय करायचं?" विचार. हे कसं झालं, याची चौकशी दुसऱ्या दिवशी, डोकी शांत झाल्यावर.

ती चौकशी कशी करावी याचा मोठा धडा गिटलॅबने, म्हणजे प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळून ठेवणाऱ्या कंपनीने, सगळ्यांसमोर घालून दिलाय. ३१ जानेवारी २०१७ ला तिथे रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका इंजिनिअरला दुय्यम डेटाबेसची, म्हणजे मुख्य डेटाबेसच्या नकलेची, डिरेक्टरी रिकामी करायची होती, पण कमांड चालली मुख्य डेटाबेसवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, तोवर ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला होता. मग बॅकअप बघायला गेले, तर तो कधीपासून होतच नव्हता. तो घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचा होता आणि रोज फसत होता. फसल्याचे ईमेलही निघत होते, पण त्यांवर योग्य स्वाक्षरी नसल्यामुळे पलीकडचा सर्व्हर ते नाकारत होता. कुणीतरी सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची प्रत, होता, म्हणून निभावलं. तेवढ्या सहा तासांचा डेटा मात्र गेला तो गेलाच. कंपनीने दुरुस्ती चालू असतानाच आपल्या नोंदी जगाला खुल्या केल्या, कामाचं थेट प्रक्षेपण केलं आणि नंतर सविस्तर अहवाल काढला. त्यात त्या इंजिनिअरचा उल्लेख "टीम-मेंबर-१" एवढाच आहे. बॅकअप परत चढवता येतो का, हे तपासायची जबाबदारी कुणाचीच नव्हती, हे त्यांना सापडलं. एका माणसाला घरी पाठवून मोकळे झाले असते, तर ते कधी सापडलं असतं? या आठवड्यात तुमचा बॅकअपही एकदा परत चढवून बघ.

"होऊन जाईल" आणि "नव्वद टक्के झालंय" ही दोन वाक्यं ऐकलीस की थांब. "किती झालं?" विचारलंस की आकडा मिळतो, आणि त्या आकड्याला काही अर्थ नसतो. "जेवढं चालतंय तेवढं दाखव ना" म्हण आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बस. कोड रिव्ह्यूत, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासतानाही, तसंच. "हे असं का केलंयस?" लिहिलंस की समोरचा बचावाला उभा राहतो. "इथे यादी रिकामी आली तर काय होईल?" लिहिलंस की तो कोड उघडतो.

कधीतरी तारीख हुकणार हे दिसायला लागेल आणि मालक म्हणतील, अजून दोन पोरं घे. नम्रपणे पण ठामपणे नाही म्हण. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्सने १९७५ सालीच लिहून ठेवलंय, की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. सात माणसांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या २१ होतात, नऊ माणसांत ३६. शिवाय त्या दोघांना शिकवायला तुझी सगळ्यात जाणती माणसंच अडकणार. त्यापेक्षा काम कमी करून माग. क्लायंटला हे तीन आठवडे आधी सांगितलंस तर तो ऐकतो. आदल्या रात्री सांगितलंस तर चिडतो, आणि त्याचं बरोबर असतं.

"आपण सगळे एक कुटुंब आहोत" असंही तुला ऐकू येईल. मालक ते मनापासून म्हणत असतील, तरी तू म्हणू नकोस. कुटुंबात कुणी पगार मागत नाही आणि रात्री अकराचा फोन उचलायला नाही म्हणत नाही. तुमचा क्लायंट कॅलिफोर्नियाचा आहे, त्याचा सकाळी नऊचा कॉल म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं तासभर मागे गेली की तोच कॉल साडेदहाला जातो आणि मार्चपर्यंत तिथेच राहतो. तुझ्या टीममध्ये एकीचं मूल दोन वर्षांचं आहे, एक जण तळेगावहून येतो. कॉलच्या पाळ्या लाव आणि त्यात तुझं नावही घाल. रात्री जागलेल्याला दुसऱ्या दिवशी उशिरा येऊ दे, आणि ते त्याला मागायला लावू नकोस.

एक गोष्ट मात्र मालकांकडे लगेच काढ. पुढच्या महिन्यात तुमच्याकडे दहावी व्यक्ती रुजू होतेय. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे १० किंवा त्याहून जास्त माणसं असली की अंतर्गत समिती नेमावीच लागते. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. "आपल्याकडे असलं काही होत नाही" असं उत्तर मिळेल. मीही ते ऐकलंय, आणि ज्या कार्यालयात ऐकलं तिथे होत होतं. ज्या मुलीला सहन करावं लागलं तिला जायचं कुणाकडे हेच माहीत नव्हतं, कारण छोट्या कंपनीत मालक, एचआर आणि मालकांचे मित्र ही तीन-चारच माणसं असतात. ती एका शुक्रवारी राजीनामा देऊन गेली. कारणात लिहिलं होतं, पुढील शिक्षण. बाहेरच्या सदस्याचं नाव आणि नंबर सगळ्यांना दिसेल असा लावून घे.

प्रत्येकाला पंधरा दिवसांतून अर्धा तास दे, एकट्याला. काचेच्या केबिनमध्ये बसू नकोस, बाहेर चालत जा. सुरुवातीला कुणी फारसं बोलणार नाही. तूही गप्प राहायला शीक, आणि तो अर्धा तास कधी रद्द करू नकोस.

आता मेसेजच्या शेवटी तू जे घाईघाईत लिहिलंस त्याबद्दल. तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे असलेले ते सहकारी, ज्यांना वाटत होतं की ही जागा त्यांना मिळेल. तू लिहिलंयस, "बघू, होईल हळूहळू." हेही "होऊन जाईल"च आहे. ही जागा तुला मिळाल्याचं त्यांना सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर कळू देऊ नकोस. उद्या शुक्रवार आहे, तूच त्यांच्याकडे जा. त्यांना वाईट वाटणार, हे तुला कळतंय एवढं बोल आणि मग त्यांना बोलू दे. ते रागावले तर ऐकून घे. कुठलं काम त्यांना स्वतःच्या हातात हवंय ते विचार, आणि झेपेल तेवढंच कबूल कर.

मग मला फोन कर. शनिवारी मी दिवसभर घरीच आहे.

तुझी
ताई