आधी पाणी बघ

प्रिय,

तुझं पत्र वाचलं, फोटोही सगळे पाहिले. पहाटे अंधारात निघायचं, दमछाक करत धबधब्यापाशी पोचायचं आणि घरी येऊन बघावं तर सगळे फोटो एकाच छापाचे. हिरमोड झाला असेल, कळतं मला. पण एवढं सगळं लिहून शेवटी विचारतेस काय, तर शटर किती वेळ उघडं ठेवू आणि भिंगापुढे फिल्टर कुठला लावू. खरं सांगतो, वाचून चिडलो. तू ते पाणी पाहिलंस असं तुझ्या एकाही फोटोत दिसत नाही.

कॅमेरा पिशवीतच राहू दे. आधी पाणी बघ.

कड्यावरून सुटताना धार सलग असते. थोडं खाली आली की फाटते, तिचे पुंजके होतात, बाणाच्या टोकासारखे. एका पुंजक्यावर नजर लाव आणि त्याच्याबरोबर खाली ये. मग दुसरा धर. हे जमलं की शटर किती हे मला विचारावं लागणार नाही. ते पुंजके हवे असतील तर १/१००० सेकंद. धारेचे पदर हवे असतील तर पाव ते एक सेकंदात मिळतात. दहा सेकंद ठेवलेस तर पांढरं धुकं उरेल, आणि तू पाठवलेल्या सगळ्या फोटोंत तेच आहे.

१८६१ साली अमेरिकन छायाचित्रकार कार्लटन वॉटकिन्सने फिल्मऐवजी वापरायच्या भल्यामोठ्या काचा खेचरांवर लादून कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीत नेल्या. रसायन लावून ओल्या असतानाच वापरायच्या त्या काचांना प्रकाश पुष्कळ वेळ द्यावा लागे, त्यामुळे वाहतं पाणी पुसटच यायचं. त्याला दुसरा इलाज नव्हता. तुला आहे, मग निवड ना!

माझ्या या हट्टापायी बरोबरीचे लोक कंटाळले, एकेक करत यायचे थांबले. वाईट वाटतं, अजूनही वाटतं. ऊन दरीत उतरलं की फोटोत पांढरं पाणी जळतं, तपशील जातो, म्हणून त्यांना घाई असायची आणि ती चुकीची नव्हती. तरी मी आधी बसून बघणारच. न बघता काढलेल्या फोटोचं मी करू काय?

फिल्टरचं म्हणशील तर पोलरायझर घे. ओल्या खडकावरची, पानांवरची चकाकी तो काढतो. पण तुषारांत इंद्रधनुष्य असेल तेव्हा सावकाश फिरव, एका कोनात तो तेही पुसून टाकतो. ऊन पाठीशी घे, आपल्या सावलीच्या डोक्यापासून सुमारे ४२ अंशांवर इंद्रधनुष्य दिसतं. आणि प्रत्येक फोटोनंतर भिंगाची काच पूस.

आता एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐक. आधी पाणी बघ म्हणतो ते फक्त फोटोसाठी नाही. डोक्यावर आभाळ निरभ्र असतं आणि वर डोंगरात पाऊस कोसळलेला असतो. पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, आवाज भरदार झाला, की ट्रायपॉड तिथेच टाकायचा आणि उंचावर जायचं. सामान गोळा करत बसायचं नाही. येताना ओढा ओलांडून आली असशील तर पाणी वाढल्यावर परत कुठून जाणार, हे ट्रायपॉडचे पाय उघडायच्या आधी ठरव.