झिरोत ‘पॉइंट’ किती आहेत हो?

मागच्या अंकात अरुणाचलातल्या झिरोबद्दल चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीगच आला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यामुळे जे पुन्हा पुन्हा विचारलं गेलंय तेवढंच घेते. मागचा अंक हुकला असेल तर एवढं पुरे की झिरो म्हणजे लोअर सुबनसिरी जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, पंधराशे मीटरच्या वर असलेलं पसरट खोरं, भोवती पाइनचे डोंगर आणि मधे आपातानी लोकांची गावं न् त्यांची भातशेती.

आम्ही दोघं आणि मुलगा-सून दिवाळीनंतर जायचं म्हणतोय. टूरवाला म्हणतो झिरोला एक रात्र बास, तिथे पॉइंट फार नाहीत. खरं का? – एक वाचक, कोल्हापूर

खरंय त्याचं. पॉइंट नाहीतच. महाबळेश्वरला कसं गाडीतून उतरा, कठड्यापाशी फोटो काढा, मक्याचं कणीस घ्या, चला पुढच्या पॉइंटला, तसं इथे करायला गेलात तर दुपारी दोनला हॉटेलवर परत याल आणि टूरवाल्याला शिव्या घालाल. एक रात्रच असेल तर झिरो प्लॅनमधून काढूनच टाका, उगाच घाटात पोटं ढवळून घेऊ नका.

पण तीन-चार रात्री काढता आल्या तर होमस्टे घ्या, आणि शक्यतो होंग, हारी, हिजा असल्या जुन्या गावात किंवा त्यांच्या जवळपास घ्या, आणि सकाळी उठून सरळ शेताच्या बांधावर चालायला लागा. तेच बघायचंय. आपल्याकडे कोकणातली खाचरं पाहिलेल्या माणसाला तर जास्तच मजा येईल कारण सगळं ओळखीचं वाटतं आणि तरी काहीतरी वेगळं असतं. बैल नाही, नांगर नाही, सगळी चिखलणी माणसांच्या हातांनी. भाताच्या त्याच पाण्यात मासे सोडलेले असतात, शेताच्या मधोमध एक चर खणलेला असतो, पाणी कमी झालं की मासे त्यात जाऊन बसतात. आणि बांधावर काय, तर नाचणी! म्हणजे भात, मासे आणि नाचणी एकाच तुकड्यात. नाचणीची मुळं बांध धरून ठेवतात हा वर फायदा. एका शेतातून दुसऱ्यात पाणी जायला बांबूच्या नाहीतर पोखरलेल्या लाकडाच्या नळ्या बसवलेल्या असतात, मी त्यातली एक वाकून बघत बसले होते तर तण काढणाऱ्या एका बाईंनी विचारलं, ‘कहाँ से आया? पाइप देखने आया?’ आणि त्या इतक्या हसल्या की पलीकडच्या शेतातली मंडळीपण कामं थांबवून बघायला लागली. (तिथली हिंदी अशीच, लिंग-वचनाची कटकट नाही, आपल्याला तर बरंच.) ही सगळी शेतीची रचना 2014 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे, पण बाईंच्या लेखी ते शेतच.

एक अडचण मात्र, दिवाळीनंतर भात कापलेलं असतं. सुट्टीचं जमत असेल तर दसऱ्याच्या आधी जा, तेव्हा खोरं पिवळंधमक असतं.

आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी राहू का? – एक वाचक, पुणे

उपाशी नाही राहणार, पण रोज तेच तेच खावं लागेल. भात, डाळ, उकडलेली पालेभाजी, बटाटा, चटणी. होमस्टेला फोनवरच सांगून ठेवा. मेतकूट आणि लोणच्याची बरणी न्याल तर कुणी हसणार नाही. मात्र नाक मुरडायचं नाही ही अट, कारण घराच्या मधोमध चूल असते, तिच्यावर टांगलेल्या बांबूच्या मांडवीवर मांस धुरावत ठेवलेलं असतं आणि सगळं घर तिथेच बसून गप्पा मारत असतं, तुम्हालाही तिथेच बसवतात. कपड्यांना तो धुराचा वास लागतो, माझ्या स्वेटरचा दोन धुण्यांनंतरही गेला नव्हता. हापोलीच्या, म्हणजे झिरोतल्या नव्या गावठाणाच्या बाजारात रेशमाचे किडे, बेडूक विकायला दिसतील, मुलांसमोर ‘ईईई’ करू नका, आपण सुकट खातो तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी तसंच वाटत असतं.

शाकाहारी असलात तरी एक गोष्ट बघायला मागा, तिला म्हणतात ताप्यो. काही ठरावीक वनस्पती जाळून राख करायची, ती बांबूच्या शंकूसारख्या गाळणीत भरायची, वरून पाणी ओतत राहायचं आणि खाली थेंबथेंब गळणारं पाणी आटवून आटवून काळसर वडी करायची. हे त्यांचं मीठ. पूर्वी मैदानातलं मीठ डोंगरात पोचणं सोपं नव्हतं, त्यातून ही युक्ती. मी चिमूटभर जिभेवर ठेवलं, मला आमच्याकडच्या पापडखाराची आठवण झाली, धुराची चव वेगळी. बांबूचे कोंब घालून केलेल्या त्यांच्या पिके नावाच्या कालवणात असंच राखेचं पाणी पडतं. बाकी तांदळाची घरगुती बिअर प्रत्येक घरी पुढे केली जाते, पीत नसाल तर हसून दोन्ही हात जोडायचे, कुणी राग धरत नाही. पीत असाल तर गोड लागते म्हणून तिसरा मग घेऊ नका, एवढंच सांगते, अनुभवाचे बोल आहेत.

चेहऱ्यावर गोंदलेल्या आणि नाकात मोठ्या चकत्या घातलेल्या आज्यांचे फोटो काढायचेत. कुठल्या गावात जास्त मिळतील? – एक वाचक, ठाणे

तुमचा प्रश्न वाचून मी दोन दिवस उत्तरच लिहिलं नाही, कारण ‘मिळतील’ हा शब्द खटकला. रागावू नका, पण आज्या या काही पक्षी नाहीत.

सांगण्यासारखं बरंच आहे. बायकांच्या कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत एक निळसर रेघ आणि हनुवटीवर उभ्या रेघा, नाकपुड्यांमध्ये काळ्या चकत्या. पुरुषांच्या हनुवटीवरही गोंदण असायचं, ते फोटोत कुणी दाखवत नाही. सत्तरच्या दशकात आपातानी तरुणांच्याच संघटनेने हे बंद करायला लावलं, बाहेर शिकायला, नोकरीला गेलेल्या मुलांना लोक बोटं दाखवायचे म्हणून. त्यामुळे आता ज्यांच्या चेहऱ्यावर दिसतं त्या सगळ्या वयस्कर, आणि दरवर्षी कमी होत चाललेल्या. कारण विचाराल तर प्रत्येक गाइड एकच गोष्ट ऐकवतो, की बायका इतक्या देखण्या होत्या की शेजारच्या टोळ्या पळवून न्यायच्या, म्हणून त्यांना कुरूप केलं. मी जिथे राहिले त्या घरातल्या आजींना हे विचारलं, नातीने भाषांतर केलं, तर आजी म्हणाल्या कुरूप कसलं, गोंदण नसलेल्या मुलीला आमच्या वेळी कुणी मुलगी म्हणून धरतच नव्हतं. मग त्यांनी मलाच विचारलं, तुमच्याकडे नव्हतं का? आता माझ्या आजीच्या कपाळावर गोंदण होतं, हनुवटीवर तीन टिपके होते, हातावर तुळशीवृंदावन होतं. मी मोबाइलमधला आजीचा जुना फोटो दाखवला. आजींनी तो मोठा करून करून हनुवटीचे टिपके बघितले, नातीला काहीतरी म्हणाल्या आणि आत जाऊन चांगला कोट घालून आल्या. माझा काढ आता, असं म्हणणं होतं.

मी काढला एकच. तो इथे छापायला दिलेला नाही. तेव्हा गावाचं नाव विचारू नका, एखाद्या घरात दोन दिवस राहा आणि तुमच्या आजीचा फोटो बरोबर न्या. खिडकीतून झूम मारून काढायचा असेल तर नेटवर शेकड्याने पडलेत, तिकिटाचे पैसे वाचतील.

म्योको बघायला लहान मुलांना न्यावं का? आणि जायचं कसं? – एक वाचक, नाशिक

म्योको हा आपातानींचा सण, मार्चमध्ये असतो. गावांचे तीन गट आहेत, दरवर्षी एक गट यजमान आणि बाकीचे पाहुणे, त्यामुळे यंदा कुठे ते आधी विचारून घ्या. होंग हे एकटंच एक गट आहे एवढं मोठं गाव. यजमानांच्या घरात कुणीही येतो, खातो, पितो, अनोळखी माणसालाही हाताला धरून आत नेतात. पण डुकरांचे बळी देतात, अंगणातच, आणि त्यांचे पुजारी तासन्‌तास मंत्र म्हणत असतात. पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर मी नेणार नाही. त्यापेक्षा 5 जुलैचा द्री हा त्यांचा दुसरा सण बघा, पिकावर कीड पडू नये म्हणून करतात, सगळ्यांना काकडी वाटतात, नाच असतो. फक्त पाऊस बदाबदा, दरडी पडतात, एक-दोन दिवस हातचे ठेवा. सप्टेंबरातल्या म्युझिक फेस्टिवलला, 2012 पासून चालू आहे तो, राहायची जागा महिने आधी बुक करावी लागते.

अरुणाचलात शिरायला परमिट लागतं, इनर लाइनचं, आपण भारतीय असलो तरी. ऑनलाइन निघतं, प्रिंट दोन काढा. गुवाहाटीपर्यंत विमान, तिथून रात्रीच्या ट्रेनने पहाटे अरुणाचलातलं नाहरलगुन, आणि पुढे शेअर सुमो, शंभरेक किलोमीटर, पण घाटामुळे चार तास धरा. ड्रायव्हरशेजारची सीट मिळणार असेल तर दहा मिनिटं थांबून नंतरची गाडी घ्या. उंचीचा त्रास होत नाही, लडाख नव्हे ते. एटीएम हापोलीत आहेत, तरी रोख जवळ असू द्या.

आणि टॉर्च. हिवाळ्यात साडेचार-पाचला मिट्ट अंधार होतो, बांधावरून परतताना माझा एक पाय भाताच्या पाण्यात गेला होता, बुटात मासा आला नाही एवढंच नशीब.