माझी दाढ दुखते, तुमची का नाही?

गेल्या पंधरवड्यातल्या पत्रांतून चार प्रश्न निवडले आहेत. चारही एकाच गाठीभोवती फिरतात: आपण सगळे मुळात एकच आहोत का?

प्रश्न: सगळ्यांत एकच आत्मा आहे, तर माझी दाढ दुखते तेव्हा तुमची का दुखत नाही? (वाचक, फोंडा)

तुमच्याच तालुक्यात कवळे मठ आहे. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते गौडपादाचार्य शंकराचार्यांच्या गुरूंचे गुरू. ‘मांडूक्यकारिका’ या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात त्यांनी या शंकेला उत्तर दिलं आहे. एका घागरीतल्या पोकळीत धूर कोंडला म्हणून शेजारच्या घागरीत धूर होत नाही, तरी दोन्हींतलं आकाश एकच. सुखदुःख घागरीपुरतं, म्हणजे देह आणि मन यांच्यापुरतं.

मला स्वतःला घागरीपेक्षा आपल्या खाजनाची, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताची, मानस (बांधातलं पाण्याचं लाकडी दार) जास्त पटते. भरतीच्या वेळी बांधावर उभं राहून पाहा. पाणी चढू लागलं की नदीच लाकडी झडपा लोटून दार लावून घेते. ओहोटीला आतलं पाणी त्याच झडपा बाहेर ढकलून वाट काढतं. आत भातशेत, बाहेर खारं पाणी. हा भेद खोटा नाही, मानस गळू लागली की पीक जातं. पण दार लावतं ते पाणीच आणि उघडतं तेही पाणीच. ‘मी’पणाकडे मी असंच पाहतो. तो लागतोच, त्याच्याशिवाय जगणं चालत नाही, पण तो मुळाचा नव्हे. म्हणूनच दाढ धरून बसलेल्याला ‘दुःख मिथ्या आहे’ असं कुणी ऐकवलं की मला राग येतो. त्याला डॉक्टरकडे न्यावं.

प्रश्न: आम्ही पर्तगाळ मठाचे, सून कवळे मठाकडची. ती म्हणते, शेवटी दोन्ही एकच. खरं का? (वाचक, काणकोण)

नाही. कवळे मठ शंकराचार्यांचं अद्वैत मानतो, म्हणजे जीव आणि ब्रह्म एकच; पर्तगाळ मठ मध्वाचार्यांचं द्वैत मानतो, म्हणजे जीव आणि ईश्वर वेगळेच. सूनबाईंचा हेतू चांगला आहे, पण असं म्हटलं की दोन्ही आचार्यांवर अन्याय होतो. मध्वाचार्य पाच भेद मानतात: जीव आणि ईश्वर, जीव आणि जीव, जीव आणि जड (निर्जीव वस्तू), जड आणि जड, ईश्वर आणि जड. हे भेद मोक्षातही उरतात. ‘तत्त्वमसि’ हे वाक्य ते ‘अतत् त्वमसि’, म्हणजे ‘ते तू नाहीस’, असं फोडतात. माझा कल अद्वैताकडे आहे. तरी देव आणि भक्त दोन नसतील तर हाक कुणी कुणाला मारायची, हा त्यांच्या बाजूचा प्रश्न मला हलका वाटत नाही. घरात दोन्ही मतं नांदू द्या, कालवू नका.

प्रश्न: रक्तातलं लोह ताऱ्यांत तयार झालं. मग विज्ञानाने अद्वैत सिद्ध केलंच ना? (विद्यार्थी, पेडणे)

घटक एक असल्याचं सिद्ध झालं, अनुभव एक असल्याचं नाही. भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर यांनी १९४४ साली जाणीव एकच असल्याचं मत मांडलं, पण ते उपनिषदांच्या आधाराने. त्यांच्या समीकरणातून ते निघत नाही.

प्रश्न: आई जाऊन अकरा महिने झाले. सगळे सांगतात, नदी सागराला मिळाली. मग माझी आई कुठे उरली? शेजारच्या खोलीत ती तांदूळ पाखडायची, तो सुपाचा आवाज मी शोधते आहे. (वाचक, मडगाव)

ताई, तो आवाज परत येणार नाही. अद्वैताने ती खोली भरते असं मी तुम्हाला सांगणार नाही. सागराला मिळालेल्या नद्यांना ‘ही मी’ असं भान उरत नाही, हे छांदोग्य उपनिषदच सांगतं. मेल्यावर संज्ञा, म्हणजे जाणीव, उरत नाही, असं याज्ञवल्क्य ऋषी बृहदारण्यक उपनिषदात म्हणाले तेव्हा त्यांची पत्नी मैत्रेयीही गोंधळली आणि तिने ते त्यांना तोंडावर सांगितलं. आत्मा नाश पावत नाही, असं त्यांनी उत्तर दिलं. पण जिथे दुसरं काही उरतच नाही तिथे कोणी कुणाला पाहायचं, कुणाचं ऐकायचं, हेही ते म्हणाले. तुम्हाला हवं आहे ते ऐकणंच. म्हणून तुमचं दुःख म्हणजे अज्ञान, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. वर्षश्राद्ध जरूर करा. अद्वैत मानणाऱ्या घरांतही श्राद्ध होतं, आणि पिंड ठेवताना आईचं नाव घेऊनच ठेवतात.